केबल तुटायची वाट कशाला पाहायची?



या पानांवर नेहमी लागण, खोडवा, पाचट आणि पाण्याच्या पाळ्यांविषयी लिहिले जाते. आज आम्ही मोटरसायकलच्या एका तारेविषयी लिहिणार आहोत. कोणी म्हणेल, कारखान्याच्या पत्रकात हे कशाला? पण आता बैलापेक्षा मोटरसायकलच आपल्या दारात जास्त दिसते. तोडीची चिठ्ठी, दुधाची किटली, खताचे पोते, दवाखाना, पोरांची शाळा, सगळे तिच्यावरच चालते. म्हणून हा विषय सभासदांचाच आहे, असे आम्हांस वाटते.

आमचा पुतण्या कोथरूडला राहून इंजिनिअरिंग शिकतो. आपल्या भागातली अशी पुष्कळ मुले तिकडे आहेत. बसचा खर्च वाचावा म्हणून घरची २००८ सालची जुनी गाडी आम्ही त्याला देऊन टाकली. पंधरा वर्षे झाली तेव्हा तिचे कागद नवे करून घेतले होते. गाडी धुतली, हार घातला, टाकी भरून दिली. मूठ जरा जड लागते, असे पोरगा म्हणाला होता. आम्ही म्हटले, "चालतीय की, काय होतंय तिला?"

गेल्या गळीत हंगामात आम्ही पुण्याला गेलो. पोरगा चांदणी चौकात न्यायला आला. २०२३ साली नवा पूल खुला झाल्यापासून तिथे कुठून कुठे वळायचे तेच आमच्यासारख्याला समजत नाही. त्याच्या मागे बसून पौड रस्त्याने उतार उतरलो. कोथरूड डेपोच्या अलीकडे रस्ता मोकळा दिसला म्हणून त्याने मूठ पिळली. पुढे सिग्नलला बस उभी होती. त्याने मूठ सोडली, पण इंजिनाचा आवाज उतरेना. ब्रेक दाबले तरी गाडी पुढे ओढतच होती. पोराने प्रसंगावधान राखून क्लच दाबला. इंजिन भोंग्यासारखे ओरडायला लागले. मग त्याने चावी बंद केली. बसच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर आम्ही थांबलो. खाली उतरलो तर पाय थरथरत होते. पोराच्या आईला काय सांगितले असते, हा विचार अजून झोपू देत नाही.

केबल काढून पाहिली तेव्हा कारण समजले. ही तार एकसंध नसते. बारीक बारीक तारांचा पीळ असतो आणि तो गुंडाळीच्या नळीतून सरकतो. सायकलच्या ब्रेकलाही हीच युक्ती असते. तिचे पेटंट इंग्लंडात बाउडन नावाच्या माणसाने १८९६ साली घेतले. सव्वाशे वर्षे झाली तरी मूळ कल्पना बदललेली नाही. मूठ पिळली की तार ओढली जाते, कार्बोरेटरमधली गोल सरकपट्टी वर उचलली जाते, हवा आणि पेट्रोल जास्त जाते. मूठ सोडली की स्प्रिंग तिला खाली दाबते. आमच्या केबलमधल्या निम्म्या तारा मुठीजवळ, जिथे रोज वाकतात तिथेच, तुटल्या होत्या. तुटलेली टोके नळीत काट्यासारखी अडकली आणि सरकपट्टी वरच राहिली. लक्षात घ्या, केबल पूर्ण तुटली तर इंजिन फक्त संथ होते आणि गाडी ओढायची थांबते. अर्धी तुटलेली केबल माणूस मारते.

गाडी ढकलत एका गॅरेजात नेली. घाईत त्याने दुसऱ्याच मॉडेलची केबल बसवली. मूठ हलकी झाली, आम्ही खूश. पण हँडल डावीकडे वळवले की इंजिन आपोआप रेस व्हायचे. केबल आखूड होती आणि ताणली जात होती. शेवटी आमच्या गाडीचीच केबल आणून दुसऱ्या दिवशी इमारतीच्या पार्किंगमध्ये काका-पुतण्याने स्वतः बसवली. पोरगा मेकॅनिकलला तिसऱ्या वर्षाला आहे. कार्बोरेटर त्याने त्या दिवशी पहिल्यांदा उघडला. त्यात त्याची चूक नाही. आपण घरी कधी त्याच्या हातात पाना दिला नाही.

काम अवघड नाही. इंजिन गार असू द्यावे, पेट्रोलचा कॉक बंद करावा. जुनी केबल कुठून कशी गेली आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढावा. मुठीजवळचे स्क्रू सोडून तारेची गुंडी काढावी. कार्बोरेटरचे झाकण फिरवले की स्प्रिंग, सरकपट्टी आणि सुई एकत्र वर येतात. सुई वाकवू नये, तिची बारीक क्लिप हरवू नये. स्प्रिंग दाबून धरून तार खाचेतून सोडवावी आणि नवी त्याच पद्धतीने अडकवावी. सरकपट्टीची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे येते आणि तिची खाच आतल्या खुंटीवर बसते. ती उलटी घालून झाकण जबरदस्तीने आवळले तर पट्टी अडकते आणि पुन्हा तोच प्रसंग ओढवतो. काही गाड्यांना दोन केबली असतात, एक उघडायला, दुसरी मिटायला. दुसरी नको म्हणून काढून टाकू नये.

कोणी म्हणेल, हे मेकॅनिकचे काम आहे. खुशाल त्याच्याकडून करून घ्या. पण गाडी ताब्यात घेताना तीन गोष्टी आपण पाहायच्या. पहिली, मुठीला थोडा मोकळा खेळ हवा. बहुतेक गाड्यांत तो २ ते ६ मिलिमीटर असतो, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. दुसरी, मूठ पूर्ण पिळून सोडली की 'टक्' आवाज करून जागेवर आली पाहिजे. हँडल डावीकडे, उजवीकडे आणि सरळ, तिन्हीकडे ठेवून हे पाहावे. तिसरी, इंजिन संथ चालू असताना हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. आवाज चढता कामा नये. एवढ्याला दोन मिनिटे लागतात.

दुसरे कोणी म्हणेल, जुनी गाडी विकून नवी घ्या, कटकट मिटली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. तेव्हापासून बहुतेक नव्या मोटरसायकलींत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले हे खरे. पण त्यांतल्याही बऱ्याच गाड्यांना मुठीपासून इंजिनापर्यंत केबल आहेच. गाडी बदलून सवय बदलत नाही.

कोथरूडच्याच टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे. वाहनउद्योगाच्या संशोधनासाठी ती १९६६ साली स्थापन झाली. कंपन्यांची नवी मॉडेले बाजारात येण्याआधी अशाच संस्थांत तपासली जातात. त्या टेकडीखालूनच आमची गाडी मरायला निघाली होती. मॉडेल मोठमोठ्या यंत्रांवर तपासले जाते. पण तुमच्या दारातली गाडी रोज कोण तपासणार? ते काम मालकाचेच आहे.

आपल्या कारखान्याचेच पाहा ना. हंगाम संपला की मिल उघडतात, रोलर काढतात, बॉयलरची दर वर्षी सरकारी तपासणी होते. "गेल्या वर्षी चालला होता की," असे म्हणून कोणी बॉयलर पेटवत नाही. आपणही पेरणीआधी फाळ शेवटून घेतो, गाडीच्या आसाला वंगण घालतो. मग ज्या गाडीवर बायको-पोरांना बसवतो तिच्या बाबतीतच 'चालतंय तोवर चालू दे' का? खंडेनवमीला तिला हार घालतो, नारळ फोडतो. हार जरूर घालावा, पण आधी मूठ सोडून पाहावी. आणि तो हारही हँडलच्या तारांत गुंतणार नाही असा बांधावा.

आमच्या सूचना दोन आहेत. कारखान्याच्या ग्राहक भांडारात खतांच्या पोत्यांशेजारी चालू मॉडेलांच्या चांगल्या केबली ठेवाव्यात. शे-दोनशे रुपयांची वस्तू आहे. एक टन उसाच्या बिलात डझनभर येतील. दुसरी, बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी सभासद जमतातच. त्या दिवशी वर्कशॉपच्या कारागिरांनी अर्धा तास मांडवात एक गाडी उघडून दाखवावी. भाषणे थोडी कमी झाली तरी सभासद रागावणार नाहीत.

आणि ज्यांची मुले पुण्याला किंवा आणखी कुठे शिकतात त्यांना एवढेच सांगणे. घरची जुनी गाडी पोराला देताना टाकी भरून देता, तशी केबलही नवी घालून द्या. शिवाय एक गोष्ट शिकवून ठेवा. मूठ अडकली तर घाबरायचे नाही. आधी क्लच दाबायचा, मग लाल बटण असेल तर ते, नसेल तर चावी बंद करायची, आणि ब्रेक लावत कडेला थांबायचे. आमच्या पोराला हे कोणी शिकवले नव्हते. त्याला वेळेवर सुचले म्हणून आज आम्ही हे लिहीत आहोत.