‘कुंकू’ पुन्हा पाहताना

गेल्या महिन्यात येथे राळेगणसिद्धीस घरची सर्व मंडळी एकत्र बसली असता आम्ही ‘प्रभात’चा ‘कुंकू’ हा बोलपट पुनश्च पाहिला. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामबापूंनी तो १९३७ साली काढला. ज्यांनी सांभाळले त्याच नातलगांनी पोरक्या नीरेला फसवून काकासाहेब वकिलांच्या, म्हणजे एका उतारवयाच्या बिजवराच्या, पदरी बांधले. नीरा रडत बसत नाही. मंत्र म्हटले गेले तरी हा विवाह आपणांस मान्य नाही, असे ती वागून दाखविते. शांता आपटे यांचा तो करारीपणा आजही ताजा वाटतो. केशवराव दाते यांनी काकासाहेबांस खलपुरुष केले नाही, हे मात्र आम्हांस अधिक मोलाचे वाटले. चित्रपटास पार्श्वसंगीत नाही. भिंतीवरील घड्याळाचा आवाज तेवढा ऐकू येत राहतो.

देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) नियोजित वधूवर सगोत्र निघाल्याने लग्न मोडते व मुलगी सुटते. आपट्यांनी लग्न लावून टाकले आणि मग पुढे काय, असे विचारले. अखेरीस पश्चात्तापदग्ध काकासाहेब नीरेस पुनर्विवाहाचा सल्ला देणारे पत्र ठेवून आत्मघात करतात. तरुणपणी आम्ही यास थोर त्याग म्हणत असू.

आमच्या मातामहीची धाकटी बहीण अशीच बिजवरास दिलेली होती. हा चित्रपट एकदा दूरदर्शनवर लागला तेव्हा मावशीआजी मध्येच उठल्या व दूध उतू जाईल म्हणून आत गेल्या. चुलीवर दूध नव्हते.

या खेपेस धाकट्या नातीने विचारले, “आजोबा, नीरेने घटस्फोट का नाही घेतला?” प्रश्न साधा, परंतु आमच्या थोर त्यागाची वाट लावणारा. काही ज्ञातींत रूढीने काडीमोड होती. आपल्या घरांतून नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंच्या घटस्फोटाचा कायदा १९४७ साली झाला, आणि हिंदू विवाह कायदा तर १९५५चा. १९२९चा शारदा कायदा वधूस चौदा वर्षे पुरी झाली की नाही एवढेच पाही. वराचे पिकलेले केस त्यास दिसत नसत. उलट विधवेस पुनर्विवाहाची मुभा १८५६ पासूनच होती. म्हणजे पती जिवंत असता नीरा बद्ध, पती मेला की मोकळी! काकासाहेबांस चूक सुधारावयाची तर मरणावाचून कायद्यात दार नव्हते. आणि त्या दाराने जाताना त्यांनी आपल्या मृत्यूचे ओझे त्या मुलीच्याच माथी ठेविले, हे आम्हांस इतक्या वर्षांत सुचले नव्हते.

वाचकांनी हा चित्रपट मुली-सुनांसह अवश्य पाहावा. पुरुषमंडळींनी मात्र मध्येच उठून जाऊ नये.