मंडळी, मिळकत आणि पंगत

पत्नीचा उल्लेख 'मंडळी' या शब्दाने करण्याची रीत ज्या घरांत होती, त्यांपैकी एका घरात माझे बालपण गेल्यामुळे, एका ख्रिस्ती स्नेह्यांनी 'रविवारी सकाळी आमची मंडळी जमते, अवश्य या' असे मला प्रथम सांगितले तेव्हा, एकटी गृहिणी जमते ती कशी, असा प्रश्न मला क्षणभर पडला होता, हे आज कबूल करावयास हरकत नाही. घरची माणसे, लग्नाचे पाहुणे, गावोगाव हिंडणारे नट आणि जुन्यांच्या तोंडी प्रत्यक्ष सहधर्मचारिणी, इतक्यांना सामावून घेणारा हा शब्द मराठी बायबलात 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दासाठी योजलेला आहे, हे मला मागाहून समजले. आणि चर्च म्हणजे काय, या प्रश्नाचा निम्मा उलगडा त्या शब्दनिवडीतच होऊन गेला आहे, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

ग्रीक नगरराज्यांत नागरिकांच्या सभेला एक्लेसिया म्हणत. येशूच्या अनुयायांनी तो शब्द आपल्या समुदायास लावला, त्या काळी त्यांच्यापाशी ना शिखर होते ना घंटा. ते कोणाच्या तरी घरी जमत. सीरियातील दुरा-युरोपोस येथे उत्खननात सापडलेले तिसऱ्या शतकातले उपासनागृह हे मुळात एक राहते घर असून, दोन खोल्यांमधली भिंत पाडून तेथे सर्वांना बसता येईल असे दालन केलेले आहे. पुढे राजाश्रय लाभला, भव्य वास्तू उठल्या आणि शब्दांनाही विटा-चुन्याचा लेप बसला. गोव्यातली 'इगर्ज' पोर्तुगिजांच्या मुखातून थेट एक्लेसियापासूनच उतरली, पण अखेर तीही इमारतीलाच जाऊन चिकटली. विल्यम टिंडेल याने १५२६ साली छापलेल्या आपल्या इंग्रजी नव्या करारात 'चर्च' हा रूढ शब्द टाकून 'समुदाय' या अर्थाचा शब्द घातला, तेव्हा टॉमस मोरसारखा प्रकांड विद्वान त्याच्यावर तुटून पडला, कारण जमलेली माणसे हेच चर्च ठरले तर धर्माधिकाऱ्यांच्या सनदांना किंमत काय उरणार. आणि पुढे जेम्स राजाच्या आज्ञेने नवे भाषांतर हाती घेण्यात आले त्या वेळी, जुना शब्द बदलू नये, असा नियमच भाषांतरकारांना घालून देण्यात आला. इंग्लंडात ज्या अर्थावरून एवढे रण माजले तो अर्थ आपल्याकडे घरच्या माणसासारखा ओटीवर येऊन बसला आहे.

शब्द घरचा झाला म्हणून व्यवहार घरचा होतोच असे मात्र नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्यांनी आपापले पंथाभिमान बाजूस सारून उत्तर भारतीय ख्रिस्तमंडळी स्थापन केली. भारतीय ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातील तो खरोखर मोठा दिवस होता. परंतु त्या सहांपैकी ब्रदरन परंपरेच्या गुजरातेतील मिळकतींचा तंटा पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि संस्थांच्या नोंदणीच्या व विश्वस्तनिधीच्या कायद्यान्वये ते विलीनीकरण ग्राह्य नाही, असा फैसला २०१३ साली झाला. निकालाविरुद्ध मला ब्रही काढावयाचा नाही. जे दप्तरात नाही ते न्यायाधीशाने कोठून पाहावे? मनात येते ते एवढेच, की एका भाकरीचे तुकडे वाटून घेऊन जे एक झाले, ते एक झाले होते की नव्हते हे ठरविण्यासाठी त्रेचाळीस वर्षांनी ठराव, दस्तऐवज आणि कलमे पाहावी लागली.

नारायण वामन टिळकांना या दप्तरदारीचा वीट फार पूर्वीच आला होता. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर दोन तपांच्या आसपास अमेरिकन मराठी मिशनच्या छायेत राहिलेल्या आणि 'ज्ञानोदया'चे संपादन करणाऱ्या या कवीने १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. या दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावयाचे होते. परक्या देशाच्या पैशावर आणि परक्या पद्धतीवर पोसलेली मंडळी ही या भूमीची मंडळी नव्हे, हा त्यांचा ध्यास. नावात 'दरबार' असूनही तेथे मानकऱ्यांची उतरंड नसावी, ही मला त्यातली मौज वाटते. मे १९१९मध्ये टिळक निवर्तले आणि त्यांच्यामागे दरबार तग धरू शकला नाही. जे लोक संस्था म्हटली की नाक मुरडतात, त्यांनी हा शेवटही विसरू नये. ज्या दप्तराची मी वर थट्टा केली, त्याच्या पोटातच मंडळीची शाळा, दवाखाना आणि दफनभूमी सुरक्षित राहतात.

मग कसोटी कोणती धरावी? मला ती पौलाने करिंथच्या मंडळीला पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या पत्रात सापडते, आणि आश्चर्य असे की ती आपल्या ओळखीची आहे. करिंथकर प्रभुभोजनासाठी जमत, पण सुखवस्तू लोक आपापले खाऊन-पिऊन तर्र होत, आणि बहुधा दिवसभर दुसऱ्याच्या हुकमात राबून उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. आपण ज्याला पंक्तिप्रपंच म्हणतो तोच हा प्रकार. आणि ज्या समाजाने पंगतीत माणसाचा दर्जा बसण्याच्या जागेवरून ठरविला, त्या आपल्या समाजाला त्याचे स्पष्टीकरण देण्याचे कारण नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघाली असेही मराठी ख्रिस्ती समाजातील जाणती माणसे म्हणत नाहीत. पौल करिंथकरांवर कडाडला; तुमचे जमणे हिताचे नसून अहिताचे आहे, इतके कठोर तो बोलला. एरवी हा मनुष्य मोठा तत्त्वज्ञ, पण या ठिकाणी त्याने उपाय सांगितला तो एखाद्या घरच्या वडीलधाऱ्याने सांगावा तसा: जेवावयास जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

त्या रविवारी उपासनेनंतर भोजन होते. पाने वाढून झाली होती, बटाट्याची भाजी निवत चालली होती, मला भूक लागली होती आणि कोणीही घास उचलीत नव्हते. आत दोघी बाया सतरंज्या गुंडाळीत होत्या आणि एक म्हातारे गृहस्थ काठी टेकीत पायऱ्या उतरत होते. माझ्या शेजारच्या लहानग्याने पुरीला हात घातला, तेव्हा त्याच्या आजीने तो हलकेच मागे घेतला आणि म्हणाली, 'थांब रे, अजून मंडळी यायची आहेत.'

— पांथस्थ