पर्यटनस्थळी ओठांशी येणारा पेला

शाळांच्या परीक्षा संपत आल्या, की आमच्या धर्मग्रामांतील घरोघरी सहलींचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत महाबळेश्वर किंवा वेलंकनीच्या पलीकडे क्वचितच जात. आता बाली, थायलंड, व्हिएतनाम ही नावे ओसरीवरच्या गप्पांत सहज येतात. लग्नाची तारीख ठरवण्यासाठी आलेले वधूवर मिस्सेच्या वेळेआधी विमानाची वेळ सांगू लागतात, तेव्हा आम्हाला थोडे हसूही येते. प्रवासाचा विमा, परकीय चलन, सामानाचे वजन या सर्वांची काळजी घेतली जाते. समुद्रकिनाऱ्यावरच्या बारमध्ये रंगीत छत्री खोचून जो पेला हाती दिला जातो, त्यात काय आहे, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. सन २०२४ च्या अखेरीस महिन्याभराच्या अंतराने घडलेल्या दोन घटनांमुळे ही चौकशी करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

पहिली घटना लाओस देशातील वांग व्हिएंग या गावची. नदी, डोंगर आणि स्वस्त मुक्काम यांमुळे पाठीवर पिशवी टाकून हिंडणाऱ्या तरुणांचे हे आवडते ठिकाण. नोव्हेंबर २०२४ मध्ये येथे मद्य घेतल्यानंतर सहा परदेशी पर्यटक दगावले. त्यांत ऑस्ट्रेलियाच्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या दोन मैत्रिणी होत्या, डेन्मार्कच्या दोन तरुणी होत्या, एक ब्रिटिश महिला वकील होती आणि एक अमेरिकन गृहस्थ होते. मिथेनॉलची विषबाधा झाल्याचा संशय व्यक्त झाला. त्यांपैकी काहीजण जेथे उतरले होते, तेथे पाहुण्यांना मद्याचे घोट मोफत दिले जात असत. चालकांनी आपला दोष नाकारला. पुढे लाओस सरकारने ‘टायगर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या व्होडका आणि व्हिस्कीवर बंदी घातली.

मिथेनॉल म्हणजे काय, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण याबाबत आपल्यात फार अज्ञान आहे. मद्यातील नेहमीचा अल्कोहोल म्हणजे इथेनॉल. मिथेनॉल हा त्याचा जवळचा भाऊबंद. रंग, गंध व चव यांवरून सामान्य माणसाला दोहोंतील भेद कळत नाही. मिथेनॉल कारखान्यांत द्रावक म्हणून व रसायने बनवण्यासाठी वापरले जाते आणि पिण्याच्या मद्यावरचा कर त्यावर नसल्याने ते स्वस्त पडते. फळांचा रस आंबवताना ते अल्प प्रमाणात आपोआपही तयार होते. परंतु एकाच वेळी अनेकांचे बळी घेणाऱ्या घटनांच्या मुळाशी बहुधा कारखान्यातले मिथेनॉलच असते, लोभापोटी मिसळलेले. पोटात गेल्यावर यकृत त्याचे प्रथम फॉर्मल्डिहाइडमध्ये आणि मग फॉर्मिक आम्लात रूपांतर करते. हे आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालते व रक्ताची आम्लता वाढवते. सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे शुद्ध मिथेनॉल जिवावर बेतू शकते. त्याहून कमी मात्रेनेही दृष्टी जाऊ शकते.

यातील खरी दगाबाजी वेळेची आहे. विषाची लक्षणे लगेच दिसत नाहीत. रात्री घेतलेला पेला दुसऱ्या दिवशी आपला परिणाम दाखवतो आणि तोवर माणूस ‘काल जरा जास्त झाली’ असे म्हणत खोलीत पडून राहतो. डोकेदुखी, उलट्या, पोटदुखी ही तर नेहमीच्या अतिमद्यपानाचीही लक्षणे. डोळ्यांपुढे धुके किंवा बर्फ पडल्यासारखे दिसू लागले, श्वास जलद होऊ लागला, की मात्र एक तासही दवडू नये. यावर उपाय आहेत. फोमेपिझोल हे औषध आहे. ते नसेल तर डॉक्टर मोजून-मापून इथेनॉलच देतात, म्हणजे यकृत त्याच्यात गुंतून राहते व मिथेनॉलचे विषात रूपांतर थांबते. शिवाय डायलिसिस आहे. परंतु हे सर्व रुग्णालयात, आणि वेळेवर. घरी दारू पाजून हा इलाज करू नये, हेही येथेच सांगून ठेवतो, कारण अर्धवट ऐकून तसे करणारे महाभाग आपल्यात आहेत.

दुसरी घटना फिजी बेटांवरची. डिसेंबर २०२४ मध्ये कोरल कोस्ट येथील एका आलिशान रिसॉर्टच्या बारमध्ये पिन्या कोलाडा हे पेय घेतल्यानंतर सात परदेशी पाहुणे आजारी पडले व त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. लाओसची बातमी ताजी असल्याने जगभर एकच हाकाटी झाली. मात्र पुढे झालेल्या तपासणीत मिथेनॉल किंवा अमली पदार्थ यांपैकी काहीही आढळले नाही. हा भाग पहिल्या बातमीइतक्या ठळकपणे फार थोड्यांनी छापला. आमच्याही व्यवसायाचा हा दोष आहे, हे मान्य करावयास हवे.

तरीही फिजीच्या पेल्याकडे पाहण्यासारखे बरेच आहे. पिन्या कोलाडा हे मूळ पोर्तो रिकोचे पेय. तेथील सरकारने १९७८ मध्ये त्याला राष्ट्रीय पेय म्हणून जाहीर केले. पांढरी रम, नारळाचे दाट दूध, अननसाचा रस आणि भरपूर बर्फ. नारळ आणि अननस आपल्या किनाऱ्याला परके नाहीत. परंतु या मिश्रणात गोडी, आंबटपणा आणि गारवा इतका असतो, की रम उंची आहे की हलकी, हे जिभेला कळू नये. मद्यविक्रीचे अर्थशास्त्र नेमके येथेच येते. पेल्यातील सर्वांत महाग घटक म्हणजे मद्य. मुक्काम, जेवण व पेये एकाच रकमेत देणाऱ्या रिसॉर्टमध्ये पाहुणा जितके अधिक पितो, तितका मालकाचा नफा घटतो. म्हणून हलके मद्य वापरण्याचा मोह होतो. त्यापुढची पायरी म्हणजे नामांकित कंपनीच्या रिकाम्या बाटलीत भलतेच काही भरून ठेवणे. ज्या देशांत मद्यावर जबर कर आहे, तेथे हा मोह वाढतो. भारतात आयात मद्यावर दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क होते. अशा स्थितीत रिकाम्या विदेशी बाटल्यांना भंगारवाल्याकडे चांगला भाव का येतो, याचे उत्तर शोधण्यासाठी फार विद्वत्तेची गरज नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातील काना गावच्या लग्नावर आम्ही किती विवाहविधींत प्रवचन केले असेल, याची गणती नाही. त्या कथेतील एका तपशिलाकडे मात्र आमचे लक्ष उशिराच गेले. भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस चाखला. तो कोठून आला, हे त्याला ठाऊक नव्हते. ज्या चाकरांनी पाणी काढले होते, त्यांना ते ठाऊक होते. रिसॉर्टच्या बारमध्येही असेच आहे. पाहुण्याला ठाऊक नसते, कित्येकदा व्यवस्थापकालाही नसते. परंतु मागच्या खोलीत बाटल्या भरणाऱ्या मुलाला ठाऊक असते. लाओसमध्ये, बालीत किंवा गोव्यातही हा मुलगा बहुधा तुटपुंज्या पगारावर, हंगामापुरता कामाला असतो. त्याने तोंड उघडले तर त्याची नोकरी जाते. पाहुण्यांच्या सुरक्षिततेविषयी जे कायदे होतात, त्यांत या मुलाच्या संरक्षणाची तरतूद क्वचितच दिसते.

गोव्याचा उल्लेख आला आहे, तर फेणीविषयी दोन शब्द. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले. फेब्रुवारी-मार्चपासून बोंडू वेचावेत, तुडवून रस काढावा, तो आंबवावा आणि भट्टीवर चढवावा. पहिल्या उर्ध्वपातनाचा सौम्य उर्राक, पुढच्याची कडक फेणी. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले व २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा-पेयाचा दर्जा दिला. आमच्या एका गोवेकर स्नेह्याच्या घरी उर्राक समोर आला, की त्यात लिंबू, मीठ व उभी चिरलेली मिरची घालण्यापूर्वी घरचे वडीलधारे हमखास विचारतात, ‘भट्टी कोणाची?’ किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बसलेला परगावचा पाहुणा हा प्रश्न विचारत नाही, आणि विचारला तरी उत्तर देणारा तेथे कोणी नसतो.

वांग व्हिएंगच्या सहा मृतांची बातमी जगातील बहुतेक मोठ्या वृत्तपत्रांनी दिली. त्या तरुण मुलींच्या आईवडिलांचे दुःख आम्ही कमी लेखत नाही. पण जून २०१५ मध्ये आमच्यापासून लोकलने तासाभराच्या अंतरावर, मालाडच्या मालवणीत, याच विषाने शंभरांहून अधिक माणसे मेली. डिसेंबर २०२२ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात, जून २०२४ मध्ये तामिळनाडूच्या कल्लाकुरिची येथे अशीच प्रेते रांगेत ठेवावी लागली. मालवणीच्या खटल्यात सत्र न्यायालयाने चौघांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली ती २०२४ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी. इतर आरोपी सुटले. मेलेले बहुतेक हातावर पोट असलेले मजूर होते. रसायन तेच, मरणाची रीतही तीच. पाहुण्याच्या मृत्यूने देशाचे पर्यटन धोक्यात येते, मजुराच्या मृत्यूने येत नाही, एवढाच काय तो फरक.

आमच्या वसईच्या किनाऱ्यावर, राजोडी-कळंबपासून अर्नाळ्यापर्यंत, रविवारी रिसॉर्ट ओसंडून वाहतात. तेथे स्वागतासाठी जे लालभडक सरबत देतात, त्यात बहुधा साखर व रंगच अधिक. आगळ आणि शहाळे या मातीत असताना हा बाटलीबंद रंग कशासाठी, असा प्रश्न आम्ही एका चालकाला विचारला. ‘फादर, शहाळ्याचा फोटो कोणी काढत नाही,’ असे त्याचे उत्तर होते.

सहलीला निघणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू, की पिणे भाग नाही. प्यायचेच असेल तर मोफत घोट नाकारावा, बादलीत वा जगात आधीच मिसळून ठेवलेले पेय घेऊ नये, बाटली आपल्यासमोर उघडून घ्यावी, आणि सोबत्यांपैकी एकाने तरी शुद्धीवर राहावे. सकाळी कोणी उठत नसेल, तर ‘झोपू दे’ म्हणून दार लोटून घेऊ नये.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण कित्येक वर्षे प्रवासी जहाजावर बारमध्ये काम करतो. सुटीवर आला असता हा विषय निघाला. प्रत्येक पाहुण्यासमोर बाटलीचे नाव वाचून दाखवूनच पेला भरायचा, असा नियम त्याने स्वतःला घालून घेतला आहे. यात वेळ जातो म्हणून वरिष्ठांनी त्याला दोनदा समज दिली आहे. पुढील करारावर सही करण्यापूर्वी तो आमच्याकडे येणार आहे.