यंत्राला जात नसते, पण पॅनेलपुढे कोण उभे असते?

दहावीचा निकाल लागला की वस्तीत एकच प्रश्न फिरतो : पोराला, पोरीला कुठे घालायचे? मी सांगतो, गणिताची आवड असेल तर पॉलिटेक्निकला ऑटोमेशन आणि रोबोटिक्सचा तीन वर्षांचा डिप्लोमा घ्या. त्यावर आपलेच काही कार्यकर्ते मला अडवतात, "यंत्रे आपल्या माणसांच्या नोकऱ्या खातात, आणि तुम्ही त्यांचाच प्रचार करता?"

हा राग खोटा नाही. जिथे हेल्पर माल उचलत होते तिथे आता रोबोटचा हात फिरतो, आणि पहिली कुऱ्हाड कंत्राटी कामगारावर पडते. पण यंत्राकडे पाठ फिरवणे हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हे. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, हे तपासणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा खरपूस समाचार घेतला. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन नाही. दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांना देणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मात्र "यंत्राला जात नसते" म्हणणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नका. मुंबईच्या कापड गिरण्या आठवा. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे काम करताना धाग्याला तोंड लागे. म्हणून अस्पृश्य कामगाराला तिथे मज्जाव. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. गिरणीत वाफ होती, वीज होती, युनियन होती. तरी जात थेट साच्यापर्यंत पोहोचली होती.

आजचे साचेखाते म्हणजे पीएलसीचे पॅनेल. सेन्सर खबर देतो, पीएलसी निर्णय घेते, मोटर हलते. लाइन का थांबली हे ज्याला प्रोग्राम वाचून कळते त्याला कंपनी शोधत येते. ज्याला कळत नाही तो गेटवर कंत्राटदाराची वाट बघतो. आपण या पॅनेलपासून दूर राहिलो तर आपल्याला मज्जाव करण्याचीही कुणाला गरज उरणार नाही.

तेव्हा नुसता प्रवेश पुरेसा नाही. प्रयोगशाळेत एक किट आणि भोवती पंधरा मुले असतील तर मागे उभा राहिलेला मुलगा फक्त जर्नल उतरवतो. प्रत्येकाचा हात किटला लागलाच पाहिजे, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरावी. शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी, म्हणून समाजकल्याण कार्यालयावर धडक द्यावी.

आणि एक कायदा पाठ करून ठेवा. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, असे आपण धरून चालतो. पण शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ च्या कलम ३अ नुसार शिकाऊ उमेदवारांच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. चाकण, वाळूज, बुटीबोरीच्या किती कारखान्यांना आपण त्याचा हिशेब विचारला?

हाताने मैला साफ करण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसे गटारात मरतातच. गटार साफ करणारे रोबोट आता देशात बनतात. ते आलेच पाहिजेत. पण उद्या सफाई कामगाराच्या हाती फक्त त्या रोबोटचे बटण यावे, आणि तो बनवणारे, विकणारे, दुरुस्त करणारे मात्र दुसरेच असावेत, हे आपल्याला मान्य आहे का? त्याची मुलगी त्या रोबोटचा प्रोग्राम लिहील, त्या दिवशी आपण एक पायरी चढलो असे म्हणू.

जय भीम!