इटलीच्या मालकांनी डझनभर खेळाडू उसने आणले आणि इंग्लंडला नियमच बदलावा लागला

इंग्लंडमध्ये फुटबॉल क्लबला नवा मालक मिळाला की चाहत्यांच्या दोन पार्ट्या पडायला वेळ लागत नाही. त्यात मालकाने खेळाडू विकत घेण्याऐवजी लोनवर, म्हणजे उसने आणायला सुरुवात केली, तर बघायलाच नको. एक पार्टी म्हणते, वरच्या लीगमध्ये जायचंय ना, मग खेळाडू कुणाचा का असेना. दुसरी म्हणते, जी टीम मे महिन्यात रिकामी होणार तिच्यासाठी वर्षभर घसा कशाला कोरडा करायचा?

हा वाद दरवर्षी कुठल्या ना कुठल्या स्टेडियममध्ये होतोच. पण २०१२-१३ मध्ये तो वॉटफर्डमध्ये जेवढा तापला, तेवढा क्वचितच कुठे तापला असेल. तो इतका वाढला की शेवटी लीगला नियमात बदल करावा लागला.

वॉटफर्ड हे लंडनच्या वायव्येला असलेलं छोटं शहर. गायक एल्टन जॉन एकेकाळी या क्लबचे चेअरमन होते आणि त्यांच्या काळात क्लब चौथ्या डिव्हिजनमधून थेट पहिल्या डिव्हिजनमध्ये पोचला होता, हे तिथल्या जुन्या लोकांचं अभिमानाने सांगायचं ठिकाण. २०१२ साली मात्र क्लब दुसऱ्या पायरीवर, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये होता आणि पैशांची ओढाताण होती. त्या वर्षी जूनमध्ये इटलीच्या पोत्झो कुटुंबाने क्लब विकत घेतला.

पोत्झो कुटुंबाचा फॉर्म्युला काय होता?

या कुटुंबाकडे १९८६ पासून इटलीतला उदिनेसे हा क्लब होता. उदिनेसेची खासियत म्हणजे स्काउटिंग. जगभरातून कोवळी पोरं कमी पैशांत उचलायची, तयार करायची आणि मोठ्या क्लबला विकायची. चिलीचा अ‍ॅलेक्सिस सांचेझ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. उदिनेसेने त्याला किशोरवयात घेतलं, आधी चिली आणि अर्जेंटिनातल्या क्लबांकडे लोनवर पाठवलं, नंतर इटलीत खेळवलं आणि २०११ मध्ये बार्सिलोनाला विकलं.

आता इतके खेळाडू घेतले की सगळ्यांना एका टीममध्ये जागा मिळणार कशी? त्याचं उत्तर पोत्झोंनी २००९ मध्ये शोधलं. त्यांनी स्पेनमधला ग्रनाडा हा क्लब घेतला, जो तेव्हा तिसऱ्या पायरीवर होता. उदिनेसेचे खेळाडू तिकडे लोनवर गेले आणि २०११ मध्ये ग्रनाडा तब्बल ३५ वर्षांनी ला लीगामध्ये परतला. वॉटफर्डमध्ये हाच प्रयोग करायचा होता.

आल्या आल्या त्यांनी कोच शॉन डाईचला काढलं. डाईचने आदल्या हंगामात टीमला अकराव्या नंबरवर आणलं होतं, त्यामुळे बरेच चाहते दुखावले. त्याच्या जागी आला चेल्सीचा जुना हिरो जानफ्रांको झोला. पाठोपाठ उदिनेसे आणि ग्रनाडामधून खेळाडूंची रांग लागली. चेक स्ट्रायकर मातेय विद्रा, स्वित्झर्लंडचा अल्मेन अब्दी, फर्नांडो फोरेस्तिएरी, डॅनियल पुडिल, इकेची आन्या... आकडा डझनाच्या घरात गेला.

पण एवढे खेळाडू लोनवर घेता येतात का?

गोम इथेच होती. लोन म्हणजे खेळाडूचा करार मूळ क्लबकडेच राहतो, तो ठराविक काळापुरता दुसरीकडे खेळतो आणि त्याचा पगार कुणी किती द्यायचा हे दोन क्लब आपसात ठरवतात. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये एका मॅचच्या टीममध्ये लोनवरचे जास्तीत जास्त पाच खेळाडू ठेवता येत होते. पण ही मर्यादा होती फक्त देशातल्या लोनला. परदेशी क्लबकडून आलेला खेळाडू एका देशाच्या फेडरेशनमधून दुसऱ्या देशाच्या फेडरेशनमध्ये नोंदवला जायचा. त्यामुळे तो लोनवर असला तरी नियमाच्या हिशोबात कायमचा ट्रान्सफर झालेल्या खेळाडूसारखाच धरला जायचा.

म्हणजे शेजारच्या शहरातून सहा खेळाडू उसने आणले तर सहावा बाहेर बसणार, आणि इटलीतून दहा आणले तरी चालणार. पोत्झोंनी कुठलाही नियम मोडला नव्हता. नियमाला पडलेल्या भोकातून ते आरामात आत आले होते.

प्रतिस्पर्धी चाहते वॉटफर्डला उदिनेसेची बी टीम म्हणून चिडवायला लागले. आपल्याकडे गावच्या कबड्डी स्पर्धेत एखाद्या मंडळाने सगळे रेडर बाहेरून आणले तर जी कुजबुज होते, तीच तिथे मोठ्या आवाजात सुरू झाली. क्रिस्टल पॅलेसचे कोच इयान हॉलोवे यांनी तर उघडपणे टीका केली.

वॉटफर्डच्या चाहत्यांची मात्र पंचाईत झाली होती, कारण टीम खेळत होती भन्नाट. ४६ मॅचमध्ये ८५ गोल. एकट्या विद्राचे लीगमध्ये २०. ज्यांना हे मॉडेल पटत नव्हतं, तेही शनिवारी टाळ्या वाजवत होते.

मग वॉटफर्ड वर गेलं का?

चॅम्पियनशिपमधून तेव्हा पहिले दोन क्लब थेट प्रीमियर लीगमध्ये जायचे आणि तीन ते सहा नंबरचे क्लब तिसऱ्या जागेसाठी प्लेऑफ खेळायचे. शेवटच्या दिवशी, ४ मे २०१३ ला, घरच्या मैदानावर लीड्सला हरवलं असतं तर वॉटफर्ड थेट वर गेलं असतं. झालं भलतंच. पहिला गोलकीपर वॉर्मअपमध्येच जखमी झाला, दुसऱ्याला अर्ध्या तासाच्या आत बाहेर न्यावं लागलं आणि शेवटी क्लबचाच १९ वर्षांचा जॅक बॉनम आयुष्यातली पहिली लीग मॅच खेळायला उतरला. लीड्सने शेवटच्या मिनिटांत गोल करून २-१ ने मॅच घेतली. वॉटफर्ड ७७ पॉइंट्सवर अडकलं, हल ७९ घेऊन वर गेलं.

सेमीफायनलचा किस्सा तर फुटबॉल न बघणाऱ्यांनीही व्हिडिओत पाहिला असेल. लेस्टरला शेवटच्या क्षणी पेनल्टी मिळते, अल्मुनिया ती अडवतो, रिबाउंडही अडवतो, चेंडू थेट दुसऱ्या टोकाला जातो आणि ट्रॉय डीनी गोल मारतो. मिनिट ९७ वं. गंमत म्हणजे उसन्या खेळाडूंची म्हणून बदनाम झालेल्या टीमचा हा सगळ्यात प्रसिद्ध गोल मारणारा डीनी २०१० पासून वॉटफर्डचाच होता.

२७ मे २०१३ ला वेम्बलीवर फायनल झाली, समोर हॉलोवेंचा क्रिस्टल पॅलेस. या एका मॅचची किंमत तेव्हा १२ कोटी पौंडांच्या आसपास सांगितली जात होती. एक्स्ट्रा टाइममध्ये विल्फ्रेड झाहाला पाडलं म्हणून पॅलेसला पेनल्टी मिळाली, ती केविन फिलिप्सने मारली आणि पॅलेस १-० ने जिंकून प्रीमियर लीगमध्ये गेला.

आता बघा, झाहा तेव्हा कुणाचा होता? जानेवारीतच मँचेस्टर युनायटेडने त्याला विकत घेतलं होतं आणि तो पॅलेसकडे लोनवर खेळत होता. फिलिप्स? तोही ब्लॅकपूलकडून लोनवर आलेला. लोनवरून वॉटफर्डला नावं ठेवणारी टीम लोनवरच्याच दोघांच्या जोरावर वर गेली. अर्थात दोन आणि डझनभर यात फरक आहेच, पण इंग्लंडमध्ये या विषयात कुणाचेच हात पूर्ण कोरडे नाहीत, एवढं त्या दिवशी दिसलं.

त्याच उन्हाळ्यात फुटबॉल लीगच्या क्लबांनी मतदान करून पळवाट बुजवली. २०१३-१४ पासून परदेशी लोनही पाचच्या मर्यादेत मोजले जाऊ लागले. पुढे २०२२ मध्ये फिफानेही आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा आणली. एका क्लबने दुसऱ्या एका क्लबकडे एका वेळी तीनपेक्षा जास्त खेळाडू पाठवायचे नाहीत, असंही ठरलं. २१ वर्षांपर्यंतच्या आणि क्लबनेच घडवलेल्या खेळाडूंना यातून सूट आहे.

पोत्झोंचं दुकान बंद झालं?

छे. वॉटफर्डने लोनवरच्या बऱ्याच खेळाडूंना सरळ कायमचं करून घेतलं. दोन्ही क्लब एकाच घरातले, मग सौदा करायला कितीसा वेळ लागणार? दोन वर्षांनी, २०१५ मध्ये वॉटफर्ड दुसऱ्या नंबरवर राहून थेट प्रीमियर लीगमध्ये गेलं. डीनीचे २१ गोल, उदिनेसेमधून आलेल्या इघालोचे २० आणि पुन्हा लोनवर आलेल्या विद्राचे १६. पुढची पाच वर्षं क्लब तिथे टिकला.

चाहत्यांच्या भांडणात नेमका हाच मुद्दा मागे पडतो. लोन किती, यावर सगळे बोलतात. हंगाम संपल्यावर खेळाडू ठेवायचा की नाही हे कुणाच्या हातात आहे, हे फार कमी जण विचारतात.

नॉटिंगहॅम फॉरेस्टचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये २३ वर्षांनी हा क्लब प्रीमियर लीगमध्ये परतला, तोही गार्नर, स्पेन्स, झिंकरनागल, डेव्हिस आणि लो या लोनवरच्या पाच जणांच्या साथीने. मालक नवा नव्हता, नियमही मोडला नव्हता. पण हंगाम संपला आणि पाचही जण गेले. मग एका उन्हाळ्यात वीसहून जास्त नवे खेळाडू आणावे लागले. तेव्हा लोकांनी फॉरेस्टला हसून घेतलं, पण अर्धी टीम रिकामी झाल्यावर दुसरा मार्ग तरी काय होता? फॉरेस्ट सोळाव्या नंबरवर राहून वाचलं, पण त्यासाठी मालकाचा खिसा तेवढा खोल लागतो.

आणि याच गोष्टीची एक बाजू आपल्या पुण्याशी जोडलेली आहे. कोंबड्या आणि अंड्यांच्या धंद्यातली पुण्याची वेंकीज २०१० पासून ब्लॅकबर्न रोव्हर्सची मालक आहे. त्यांच्या काळात क्लब दोनदा खाली घसरला आणि चाहत्यांनी निषेध म्हणून मैदानात कोंबडी सोडली, ते अनेकांना आठवत असेल. पण २०१८ च्या जानेवारीत ब्लॅकबर्नने न्यूकॅसलकडून अ‍ॅडम आर्मस्ट्राँगला लोनवर आणलं. अर्ध्या हंगामात त्याने नऊ गोल मारले आणि क्लब तिसऱ्या पायरीवरून वर आला. त्याच उन्हाळ्यात त्याला विकत घेतलं. २०२०-२१ मध्ये त्याने लीगमध्ये २८ गोल केले आणि पुढच्या उन्हाळ्यात साउदॅम्प्टनने त्याच्यासाठी सुमारे दीड कोटी पौंड मोजले.

त्याच २०२०-२१ मध्ये ब्लॅकबर्नकडे लिव्हरपूलचा हार्वे इलियटही लोनवर होता. सात गोल, अकरा असिस्ट, चाहते जाम खूश. ब्लॅकबर्न पंधराव्या नंबरवर राहिलं आणि इलियट तयार होऊन लिव्हरपूलला परत गेला.