'सेव्हन चर्चेस'चा निवाडा कोणी करायचा?

अमेरिकेतील 'पझेस्ड' या बँडचा 'सेव्हन चर्चेस' हा पहिला अल्बम ऑक्टोबर 1985 मध्ये बाजारात आला. त्याला चाळीस वर्षे होऊन गेली, पण त्याच्याविषयी श्रोत्यांमध्ये सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. एक पक्ष म्हणतो, डेथ मेटल नावाच्या संगीताचा हा पहिला अल्बम. दुसरा पक्ष म्हणतो, छे, हे तर नुसते वेगवान थ्रॅश मेटल. खरे डेथ मेटल फ्लोरिडाच्या 'डेथ' या बँडच्या 1987 सालच्या 'स्क्रीम ब्लडी गोर'पासून सुरू होते. तिसऱ्या पक्षाला पहिल्या-दुसऱ्याशी काही कर्तव्य नाही. त्याच्या मते हा चार पोरांनी घातलेला गोंगाट आहे आणि त्यावर बोलणे म्हणजे वेळेचा अपव्यय.

वाद वरवर पाहता पोरकट वाटेल. आम्हाला तो तसा वाटत नाही. एखाद्या नव्या गोष्टीची सुरुवात कोणी केली हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा आणि ते कोणत्या पुराव्यावर ठरवायचे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. आणि असा प्रश्न समोर आला की वकिली करणाऱ्या माणसाला त्याला बगल देऊन पुढे जाता येत नाही.

ज्या वाचकांच्या कानावर हे संगीत कधी पडलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विजेवर चालणाऱ्या गिटारचा आवाज फाटेपर्यंत वाढवायचा, तिचे सूर शक्य तितके खाली उतरवायचे, ड्रम छातीत धडकी भरेल इतक्या वेगाने वाजवायचे आणि गाणाऱ्याने गळ्यातून गाण्याऐवजी गुरगुरायचे. विषय मृत्यू, नरक, प्रेते, सैतान. शब्द बहुधा कळत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलगा हे ऐकत होता, तेव्हा त्याच्या आईने स्पीकर बिघडला म्हणून तो दुरुस्तीला टाकायला सांगितले होते. त्या माउलीला आम्ही दोष देणार नाही. पण जगभर लाखो तरुण हे आवडीने ऐकतात आणि त्यातल्या बारकाव्यांवर हमरीतुमरीवर येतात, ही वस्तुस्थिती आहे.

आता खटल्यातील घटनाक्रम पाहू. पझेस्ड हा सॅन फ्रान्सिस्को परिसरातला बँड. जेफ बेसेरा गाणार आणि बेस वाजवणार, माइक टोराओ व लॅरी लालोंड गिटारवर आणि माइक सस ड्रमवर. 1984 साली त्यांनी 'डेथ मेटल' नावाची डेमो कॅसेट काढली. त्या काळी अशा कॅसेटी दुकानात मिळत नसत. पोरे त्या घरच्या टेपवर उतरवून टपालाने एकमेकांना पाठवत. 'मेटल मॅसेकर' या संग्रहमालिकेच्या सहाव्या भागात त्यांचे एक गाणे आले आणि कॉम्बॅट रेकॉर्ड्स या कंपनीने त्यांना करारबद्ध केले. अल्बमचे ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियातील कोटाटी या गावच्या प्रेरी सन स्टुडिओत 1985 च्या ईस्टरच्या सुटीत झाले. सुटीतच का? कारण बेसेरा आणि लालोंड शाळेत जात होते. सोळा वर्षांची पोरे! लालोंड तर गिटारची शिकवणी लावून शिकत होता; त्याचे शिक्षक जो सॅट्रियानी पुढे जगप्रसिद्ध झाले. या वयात या पोरांनी दहा गाण्यांची जी तबकडी केली, तिच्यावर चार दशके लोक तावातावाने बोलत आहेत.

अल्बम बाजारात आला तो काळही ध्यानात घेतला पाहिजे. त्याच्या आदल्याच महिन्यात, 19 सप्टेंबर 1985 रोजी, अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे गाण्यांतल्या शब्दांविषयी सुनावणी झाली होती. राजधानीतल्या वजनदार पुढाऱ्यांच्या पत्नींनी पालकांची एक संस्था काढली होती; टिपर गोर या त्यातल्या एक. त्या संस्थेने पंधरा आक्षेपार्ह गाण्यांची यादी केली. त्या यादीत इंग्लंडच्या 'व्हेनम' बँडचे एक गाणे होते आणि त्या गाण्याचे नाव नेमके 'पझेस्ड' होते! आमच्या पोरांचा त्याच्याशी संबंध नाही, पण हवा कशी होती ते यावरून कळावे. फ्रँक झापा, जॉन डेन्व्हर आणि डी स्नायडर या तीन गायकांनी समितीपुढे येऊन विरोधी साक्ष दिली. अखेर ध्वनिमुद्रिकांवर पालकांसाठी इशाऱ्याची चिठ्ठी चिकटवायला कंपन्या तयार झाल्या.

त्या सगळ्या प्रकरणात संगीत हा विषयच नव्हता. विषय होता तो शब्दांचा. ऐकणारे एकीकडे आणि त्यांनी काय ऐकावे हे ठरवणारे दुसरीकडे, अशी ती वाटणी होती. म्हणूनच श्रोत्यांची मते आम्हाला महत्त्वाची वाटतात. ती चुकीची असतील, एकांगी असतील, शिवराळही असतात; पण निदान ती ऐकून दिलेली असतात.

पहिला पुरावा नावाचा. पझेस्डचे समर्थक म्हणतात, डेमोचे नाव 'डेथ मेटल', अल्बमच्या शेवटच्या गाण्याचे नाव 'डेथ मेटल', आणखी काय पुरावा हवा? हा पुरावा दिसतो तितका भक्कम नाही. त्याच 1984 साली जर्मनीच्या नॉइज रेकॉर्ड्स कंपनीने 'डेथ मेटल' याच नावाचा एक संग्रह काढला होता. त्यात 'हेलोवीन' आणि 'रनिंग वाइल्ड' हे बँड होते, ज्यांना आज कोणीही डेथ मेटल म्हणणार नाही. आणि तिकडे फ्लोरिडात चक शुल्डिनर या मुलाच्या 'मँटास' नावाच्या बँडने त्याच साली 'डेथ बाय मेटल' ही कॅसेट काढली. हाच मँटास पुढे 'डेथ' झाला. म्हणजे एकाच वर्षी तीन ठिकाणी तोच शब्द हवेत होता. केवळ पाटीवर नाव आधी लिहिले म्हणून मालकी सिद्ध होत नाही. हा मुद्दा आम्ही पझेस्डच्या विरोधात मान्य करतो.

दुसरा पुरावा कानांचा, आणि इथेच खरी गोम आहे. श्रोत्यांची मते बारकाईने पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. ज्यांनी हा अल्बम 1985-86 साली ऐकला ते सांगतात की असे काही आम्ही पूर्वी ऐकलेच नव्हते. ज्यांनी आधी 'मॉर्बिड एंजल', 'ऑबिच्युअरी', 'सफोकेशन' यांचे 1989 ते 1991 या काळातले अल्बम ऐकले आणि मग मागे वळून 'सेव्हन चर्चेस' लावला, ते म्हणतात, हे तर थ्रॅश! आवाज पुरेसा खोल नाही, गिटार पुरेशी जड नाही. दोघेही खरे बोलत आहेत. साक्षीदार कुठे उभा होता यावर त्याला काय दिसले ते अवलंबून असते, हे कोणताही कनिष्ठ वकील सांगेल. डोंगर चढून वर गेलेल्याला पायथा सपाट दिसतो.

आमचा आक्षेप दुसऱ्या साक्षीदाराच्या कानांना नाही, त्याच्या निष्कर्षाला आहे. जी कसोटी 1990 च्या आसपास तयार झाली, ती 1985 च्या अल्बमला लावून त्याला नापास करणे म्हणजे कायदा पूर्वलक्षी प्रभावाने लागू करणे होय. कृत्य घडले तेव्हा जो कायदा अस्तित्वात नव्हता त्याखाली कोणाला शिक्षा देता येत नाही, हे आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 20 ने स्पष्ट केले आहे. अल्बम म्हणजे काही आरोपी नव्हे, हे आम्हाला कळते. पण न्यायाची रीत तीच. 1985 साली बेसेराचा आवाज ज्याच्या शेजारी ठेवून पाहायचा तो मार्च 1985 मध्ये आलेल्या 'स्लेयर'च्या 'हेल अवेट्स'चा, 1991 च्या न्यूयॉर्कचा नव्हे. स्लेयरचा गायक ओरडतो, पण शब्द कळतो. बेसेराच्या तोंडून शब्द फाटून, खरवडून बाहेर येतात आणि गाणारा माणूस आहे की आणखी काही, असा क्षणभर संशय येतो. पाऊल पडले ते इथे. पुढच्यांनी त्या वाटेचा रस्ता केला.

तिसरा पुरावा आमच्या दृष्टीने सर्वात वजनदार आहे. तो म्हणजे प्रतिपक्षाची कबुली. 'डेथ'चा कर्ता चक शुल्डिनर याने पझेस्डचा आपल्यावरचा प्रभाव कधी लपवला नाही. 'स्क्रीम ब्लडी गोर'वर गिटार, बेस आणि गायन हे सारे त्याने एकट्याने केले, ड्रम ख्रिस रायफर्टने वाजवले. आणि या अल्बमचा निर्माता होता रँडी बर्न्स, ज्याने 'सेव्हन चर्चेस' केला होता. कंपनीही तीच, कॉम्बॅट. म्हणजे ज्या दोन अल्बमांना श्रोते एकमेकांविरुद्ध उभे करतात, ते एकाच घरातून, एकाच माणसाच्या हाताखालून बाहेर पडलेले आहेत. शुल्डिनर 13 डिसेंबर 2001 रोजी मेंदूच्या गाठीच्या आजाराने गेला, अवघ्या 34 व्या वर्षी. जो वाद त्याने स्वतः घातला नाही तो त्याच्या नावाने घालण्यात काय हशील आहे? त्याचे मोठेपण वेगळे आहे. त्याने हे संगीत पुढे इतके बदलत नेले की त्याला 'पहिला' या बिरुदाची गरजच नाही.

तरीही श्रोत्यांनी काढलेले दोष आम्ही नाकारत नाही. ड्रमविषयीची तक्रार रास्त आहे. सस अनेक ठिकाणी गिटारच्या मागे धावताना दिसतो आणि दमतो. ध्वनिमुद्रण धूसर आहे, काही ठिकाणी दोन गिटार एकमेकींत मिसळून नुसता धुरळा उडतो. काही जण म्हणतात, या धुरळ्यातच मजा आहे. असेल. लालोंडच्या गिटारचे एकल तुकडे मात्र आजही थक्क करतात. हा मुलगा पुढे 'प्रायमस' या अगदी वेगळ्या धाटणीच्या बँडमध्ये का गेला आणि तिथे का रमला, याचे उत्तर त्या तुकड्यांत आधीच आहे.

आणि गाण्यांतले शब्द? ते पोरकट आहेत. अल्बमचे नाव बायबलच्या शेवटच्या ग्रंथातल्या सात चर्चवरून, सुरुवात 'द एक्झॉर्सिस्ट' या भयपटातल्या प्रसिद्ध धूनने, आणि मग पानोपानी सैतान. वर्गात मास्तर पाठमोरे झाल्यावर फळ्यावर काहीतरी खरडावे तसा हा प्रकार आहे. त्यात विचार शोधणारे समर्थक आणि त्यात धर्मसंकट शोधणारे विरोधक, दोघेही त्या पोरांना नको तितके गंभीरपणे घेतात. धर्मसंस्थेवर खरी टीका करायची तर अभ्यास लागतो, सोळाव्या वर्षी तो नसतो. गाण्यांची ताकद शब्दांत नाहीच, ती वेगात आणि त्या फाटक्या गळ्यात आहे.

1986 साली 'बियाँड द गेट्स' हा दुसरा अल्बम आला आणि श्रोते नाराज झाले. 1987 मध्ये हा बँड विस्कटला. 1989 साली बेसेरावर लुटारूंनी गोळ्या झाडल्या. तो वाचला, पण पाय गेले ते कायमचे. त्यानंतर कितीतरी वर्षे त्याचे नाव फक्त या 'पहिला कोण' च्या वादातच ऐकू येत होते. 2007 साली तो नव्या सोबत्यांसह पुन्हा मंचावर आला, व्हीलचेअरवर बसून. 2019 साली 'रेव्हलेशन्स ऑफ ऑब्लिव्हियन' हा अल्बम आला. मधे 33 वर्षे गेली होती. त्यावरही मते पडलीच. कोणी म्हणाले आवाज आता फारच स्वच्छ आहे, कोणी म्हणाले 1985 ची ती मस्ती राहिली नाही. ड्रम बरोबर नाहीत म्हणून ज्यांनी चाळीस वर्षे नाके मुरडली, तेच ड्रम आता बरोबर आहेत म्हणून नाके मुरडू लागले! पन्नाशीच्या माणसाकडून सोळाव्या वर्षाचा गळा मागणे हा निव्वळ हट्ट आहे. श्वास घ्यायला ज्याला इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतात त्याने बसल्या जागेवरून तो आवाज काढावा, याची नोंद मात्र फार थोड्यांनी घेतली.

ज्या तरुण वाचकांना या वादात उडी घ्यायची आहे त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की मत देण्यापूर्वी ऐकण्याचा क्रम सरळ ठेवा. आधी व्हेनमचा 1982 चा 'ब्लॅक मेटल', मग 'हेल अवेट्स', त्यानंतर 'सेव्हन चर्चेस' आणि शेवटी 'स्क्रीम ब्लडी गोर'. सारे मिळून अडीच तासांचे काम आहे. चाळीत राहत असाल तर हेडफोन लावा.