वाचलेला तास कोणाचा?

कार्यक्षमतेचें नवें कीर्तन सध्यां जागोजाग चालू आहे. पेढ्या, विमा कंपन्या, वृत्तपत्रांच्या कचेऱ्या, इतकेंच काय पण महाविद्यालयें देखील त्याच्या मांडवाखालीं येऊन बसलीं आहेत. पूर्वरंगांत सांगतात कीं, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्यानें तीन तासांचें काम पंधरा मिनिटांत होतें. उत्तररंगांत सांगतात कीं, जो हें यंत्र हातीं धरणार नाहीं तो उद्यां घरीं बसेल. मधल्या पावणेतीन तासांचें काय झालें, याविषयीं मात्र बुवा एक अक्षर काढीत नाहींत. आमचा सारा वाद त्या पावणेतीन तासांविषयीं आहे.

यंत्र निरुपयोगी आहे, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ग्राहक-साह्य विभागांतील पांच हजारांहून अधिक नोकरांच्या कामाचा अभ्यास एरिक ब्रिन्यॉल्फसन प्रभृति अर्थशास्त्रज्ञांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केला. यंत्राच्या मदतीनें दर तासाला सोडविलेल्या तक्रारींची संख्या सरासरीनें १४ टक्क्यांनीं वाढली. नवशिक्यांच्या बाबतींत तर सुमारें ३४ टक्क्यांनीं. मुरलेल्या नोकरांना फारसा लाभ झाला नाहीं, आणि त्यांत नवल नाहीं, कारण यंत्र शिकलें होतें तें त्यांच्याच संभाषणांवरून. (या शिकवणीची दक्षिणा त्यांना कोणी द्यावी, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) परंतु तेथें प्रत्येक उत्तराच्या दुसऱ्या टोकाला एक अडलेला ग्राहक बसलेला असतो, हें विसरतां कामा नये. उत्तर चुकलें तर तो तत्क्षणीं तसें सांगतो.

आपल्या नेहमींच्या कचेरींत दुसऱ्या टोकाला कोण असतो? साहेब मागतात म्हणून कनिष्ठ नोकर यंत्राकडून चाळीस पानांचा अहवाल लिहवून घेतो. साहेबांना चाळीस पानांची सवड नसते; ते तो अहवाल तशाच दुसऱ्या यंत्रापुढें टाकून त्याचा दहा ओळींचा सारांश करवितात. दोघांचाही वेळ वाचला. अहवाल मात्र कोणींच वाचला नाहीं. या दोन अगदीं निराळ्या क्रियांना मराठीनें एकच धातु कां दिला असावा, याचा उलगडा आम्हांस उतारवयांत होत आहे! जो मजकूर दहा ओळींत मावत होता तो चाळीस पानांचा मागविलाच कां, हा कार्यक्षमतेचा पहिला प्रश्न होय, आणि तो विचारण्याची सोय कोणत्याही यंत्रांत नाहीं. होतें तें इतकेंच कीं, चाळीस पानें स्वस्त झालीं म्हणून पुढील महिन्यांत ऐंशी मागविलीं जातात.

कार्यक्षमतेच्या नांवानें असा हिशेब आपल्याकडे पूर्वीं एकदां मांडला गेला आहे. १९२८ सालीं मुंबईच्या सुमारें दीड लाख गिरणी-कामगारांनीं एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप चालविला. त्याच्या कारणांपैकीं एक मोठें कारण मालकांची ‘एफिशिअन्सी’ची नवी योजना होतें: विणकरानें दोन मागांऐवजीं तीन माग सांभाळावे. कागदावर हा हिशेब बिनचूक होता. पण माग सांभाळणें म्हणजे त्याच्यापुढें नुसतें उभें राहणें नव्हे. सूत तुटलें कीं तें जोडणें, हेंच विणकराचें काम. कापूस हलका असला कीं सूत वारंवार तुटतें, आणि दोन मागांवरील धागे जोडतां जोडतां तिसऱ्यावरचें कापड बिघडतें. गिरणगांवांतील अशिक्षित म्हणून हिणविलेल्या माणसाला हें समजत होतें. आजच्या व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीधराला तें समजत नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे.

कारण कचेरींतील प्रत्येक माणसापुढें आज तिसरा माग आणून ठेवला जात आहे, आणि येथें अडचण अधिक बिकट आहे. तुटलेलें सूत डोळ्यांना दिसत असे. यंत्राच्या गद्यांतील तुटलेला धागा दिसत नाहीं. तें बरोबर असतें तेव्हां जितकी सफाईदार भाषा वापरतें, तितकीच सफाईदार भाषा चुकतांनाही वापरतें. २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयांत एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यांत वकिलांनीं चॅटजीपीटीनें पुरविलेले जुने निवाडे आधार म्हणून पुढें केले. त्यांतील कित्येक निवाडे जगांतील कोणत्याही न्यायालयानें दिलेलेच नव्हते. पांच हजार डॉलरांचा दंड झाला, तो अर्थातच माणसांना.

बरें, वेळ वाचतो हें तरी निश्चित आहे काय? मेटर नांवाच्या अमेरिकन संस्थेनें २०२५ सालीं सोळा अनुभवी प्रोग्रॅमरांकडून २४६ कामें करवून घेतलीं. कांहीं यंत्राच्या मदतीनें, कांहीं तिच्यावांचून. शेवटीं त्यांचा अंदाज असा पडला कीं, यंत्रानें आपला वेळ २० टक्क्यांनीं वांचविला. घड्याळाप्रमाणें पाहतां तो १९ टक्क्यांनीं अधिकच लागला होता. सोळा माणसांवरून साऱ्या जगाचा निष्कर्ष कोणी काढूं नये, आणि साधनें दिवसेंदिवस सुधारत आहेत हेंही खरें. परंतु ‘मला तर फार उपयोग होतो बुवा’ ही साक्ष यापुढें पुराव्यांत धरतां येणार नाहीं.

सर्वांत गंभीर बाब उमेदवारांची आहे. नुकताच नोकरीस लागलेला पदवीधर पहिलीं दोन वर्षें जे मसुदे लिहितो ते बहुधा वाईट असतात. वरिष्ठ ते तांबड्या शाईनें रंगवितो, क्वचित् चार शब्दही सुनावतो, आणि त्या शाईंतूनच पुढचा वरिष्ठ घडतो. यंत्र याहून बरा मसुदा लिहितें म्हणून उमेदवार घेणेंच थांबविलें, तर पंधरा वर्षांनीं यंत्राचा मसुदा तपासणारा माणूस कोठून आणणार? आमच्या वर्गांतून दरवर्षीं बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचा हा प्रश्न आहे. म्हणजे वाचकांच्या घरचाच आहे.

केन्सनें १९३० सालीं भाकीत केलें होतें कीं, शंभर वर्षांत आठवड्याला पंधरा तासांचें काम माणसाला पुरेल. मुदत संपत आली. तितकी चैन कोणी मागत नाहीं. आमची मागणी साधी आहे. वाचलेला वेळ प्रथम यंत्राचें काम तपासण्यास द्यावा, मग नवशिक्यांना शिकविण्यास द्यावा, आणि त्यांतूनही उरला तर नोकराला दिवेलागणीस घरीं जाऊं द्यावें. कार्यक्षमतेची योजना घेऊन येणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाकडून दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्या: तपासणीचे तास कामाच्या तासांत धरले आहेत काय, आणि चूक निघाल्यास तिच्याखालीं सही कोणाची. आजवर आमच्या पाहण्यांत आलेल्या एकाही योजनेच्या तक्त्यांत या दोन गोष्टींसाठीं रकाना ठेवलेला नाहीं.